बाईंचं घड्याळ



गेल्या पर्युषणाच्या चौथ्या दिवशी, सूर्य मावळून अर्धा तास होऊन गेल्यावर, मी माझ्या सासूबाईंना मुगाची खिचडी भरवली. बाई 86 वर्षांच्या आहेत. वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांचा चौविहार आहे. लग्नाच्या वरातीत, तीन बाळंतपणांत, सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात तो एकदाही मोडलेला नाही. तो मी मोडला, आणि त्यांना कळू न देता मोडला. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं असं तेव्हापासून वाटत होतं. हिशोबाची सवय आहे मला, बी.कॉम. झालेय. नोंद केल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं वाटत नाही.

पण हा किस्सा सांगायचा तर आधी नातवाचं पुस्तक सांगावं लागेल.

माझा नातू, लेकीचा मुलगा, नऊ वर्षांचा, मुंबईला असतो. लेकीला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून गणपतीच्या सुट्टीच्या आठ दिवस आधीच त्याला आमच्याकडे गडचांदूरला आणून सोडलं. शाळेला ‘घरगुती धार्मिक कार्यक्रम’ असं लिहून दिलं. पर्युषण हा घरगुती धार्मिक कार्यक्रमच आहे, तेव्हा ते खोटं नव्हतं, असं लेकीचं म्हणणं. मी काही बोलले नाही. आठवडाभरात माझ्या नावावर त्याहून मोठं खोटं जमा होणार होतं.

त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. त्यात एक जाडजूड ‘ॲलिस’. तुमच्यापैकी कुणी लहानपणी भा. रा. भागवतांची ‘जाईची नवलकहाणी’ वाचली असेल तर तीच ही गोष्ट, सशाच्या बिळात पडलेल्या मुलीची. 1865 साली छापली गेली. लिहिणारा लुईस कॅरोल ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. लेकीच्या कॉलेजातली ही प्रत मार्टिन गार्डनर नावाच्या माणसाच्या टिपांसकट आहे, म्हणजे मधे गोष्ट आणि कडेला बारीक अक्षरात तिचा उलगडा. नातू गोष्ट वाचायचा, मी चष्मा लावून कडेचं वाचायची. दुपारी बाई झोपल्या की आमचा हाच उद्योग.

त्याला सगळ्यात आवडलेलं प्रकरण चहापानाचं. एक टोपीवाला, एक ससा आणि एक झोपाळू उंदीर टेबलाशी बसलेत. टोपीवाल्याचं काळाशी भांडण झालंय. राणीसमोर गाणं म्हणताना त्याचा ताल चुकला, तेव्हा हा काळाचा खूनच करतोय असं ती ओरडली. त्या दिवसापासून काळ रुसला आणि त्याच्यासाठी घड्याळ सहावर थांबलं. सहा म्हणजे चहाची वेळ. त्यामुळे यांची चहाची वेळ संपतच नाही, कप धुवायलाही सवड नाही, म्हणून टेबलाभोवती एकेक खुर्ची पुढे सरकायचं आणि पुढच्या कपात प्यायचं. आमचा नातू थाळी धुऊन पिणाऱ्या घरातला. तो गंभीरपणे म्हणाला, “नानी, म्हणजे ते दुसऱ्याचं उष्टं पितात?” त्याला काळ थांबल्याचं काही नव्हतं, कप न धुतल्याचं होतं.

त्याच चहापानात टोपीवाल्याचं घड्याळ बिघडलेलं आहे. का, तर त्याच्या यंत्रात लोणी घातलं म्हणून. (ताकातून काढलेलं लोणी आपल्याकडे अभक्ष्य, घड्याळाच्याही पोटात गेलेलं बरं नाही!) त्या घड्याळात तास नाहीतच, तारीख दिसते, आणि ती दोन दिवसांनी चुकलेली. इथे कडेला टीप होती ती वाचून मी उठून बसले. ॲलिस म्हणते आज चार तारीख, महिना मे. खऱ्या ॲलिसचा तो वाढदिवस. एका अभ्यासकानं हिशोब केला की 1862 च्या 4 मे रोजी चंद्राच्या महिन्यात आणि इंग्रजी महिन्यात नेमका दोन दिवसांचा फरक होता. म्हणजे टोपीवाल्याचं घड्याळ कदाचित बिघडलेलं नव्हतंच, ते चंद्रावर चालत होतं. मी नातवाला म्हटलं, “अरे, वेड्या टोपीवाल्याकडे तिथी आहे, ॲलिसकडे तारीख आहे, एवढंच.” आपण बायका जन्मभर हेच करत आलोय. बँकेत तारीख, स्थानकात तिथी, दिवाळीला वहीपूजनात विक्रम संवत, पट्टावरच्या प्रवचनात वीर संवत. आमच्या सासऱ्यांच्या जुन्या कागदांत तर फसली सनही सापडतो, कारण हा राजुऱ्याकडचा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. एका घरात चार-चार काळ नांदले आणि कुणी कुणाला वेडं म्हटलं नाही.

आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी नातवानं मला पेचात पकडलं होतं. इथे ऑगस्टअखेरीस साडेसहा वाजून जेमतेम पाच मिनिटांनी सूर्य मावळतो. आमची जेवणं उरकली, पच्चक्खाण झालं, आणि पावणेसातला लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती ताटावर बसलेली. नातू ओरडला, “मम्मी, सनसेट झाला! तू रात्रिभोजन करतेयस!” तिनं शांतपणे फोन खिडकीकडे फिरवला. तिथे अजून ऊन होतं.

मग मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. मुंबई साधारण 73 रेखांशावर, आपण 79 वर. एका अंशाला चार मिनिटं, सहा अंशांची चोवीस. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र आपल्याकडे चोवीस मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. म्हणूनच नवकारशी पाहायची ती आपापल्या गावच्या सूर्योदयापासून 48 मिनिटं. मुंबईच्या नातेवाइकांनी पाठवलेलं वेळेचं कोष्टक गडचांदूरला चालत नाही, हे मी दरवर्षी दोन-तीन नव्या सुनांना समजावते.

हे चाललेलं बाई ऐकत होत्या. आणि अचानक अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “काकासांच्या घड्याळात वेगळं असायचं, टेसनावर वेगळं.”

बाईंचं माहेर मुंबईचं, काळबादेवीचं. वडील कापडबाजारात मुनीम, त्यांना सगळे काकासा म्हणत. बाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. 1906 साली सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईनं ती लगेच मानली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ वेगळा चालू राहिला, 39 मिनिटं मागे. तो अधिकृतपणे संपला 1955 साली. बाई तेव्हा 16 वर्षांच्या होत्या. त्याआधी महायुद्धात, 1942 ते 1945, सरकारनं देशभरची घड्याळं एक तास पुढे करून ठेवली होती. म्हणजे बाईंच्या लहानपणी काटे खरोखरच कुणीही सरकवत होतं, कधी सरकार, कधी नगरपालिका. नातवाला हे ॲलिसपेक्षा भारी वाटलं. “मोठ्या नानी टाइम ट्रॅव्हलर आहेत,” तो म्हणाला.

त्याला काय माहीत, ते किती खरं आहे.

दोन वर्षांपासून बाईंचा काळ बिघडत चाललाय. आधी वस्तू हरवायच्या, मग नावं, मग वर्षं. त्या 1959 साली नवरी म्हणून या गावात आल्या तेव्हा इथे सिमेंटचा कारखाना नव्हता, वीज नव्हती, दारात कापसाच्या बंड्या लागायच्या. आता दुपारी चार वाजता त्या मला विचारतात, “बींदणी, बंड्या आल्या का? गाडीवानांचं पाणी ठेव.” मी 64 वर्षांची बींदणी. बाहेर सिमेंटचे ट्रक धूळ उडवत असतात आणि मी म्हणते, “ठेवते, बाई.” चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्मृतिभ्रंश आहे, आणि दिवस कलताना अशा माणसांचा गोंधळ वाढतो. इंग्रजीत त्याला सनडाउनिंग म्हणतात. मला त्या शब्दाचं हसू आलं आणि रडूही. आपल्या घरांत सगळी धावपळ त्याच वेळेची. सूर्य मावळायच्या आत जेवण, औषध, पाणी. नेमका त्याच तासाला बाईंचा सूर्य इकडे-तिकडे पळतो.

जुलैत एकदा आभाळ असं भरून आलं की तीन वाजताच घरात दिवे लावले. बाईंनी जाहीर केलं की दिवस मावळला, आणि चौविहार घेऊन टाकला. दुपारची साखरेची गोळी पोटात, जेवलेल्या फक्त दोन घास, कारण त्या दिवशी दुपारीही त्यांना आपण आधीच जेवलोय असं वाटत होतं. साडेचारला ऊन पडलं. मी हाताला धरून अंगणात नेलं, सूर्य दाखवला. म्हणाल्या, “चांदणं आहे गं, पुनव असेल.” रात्री घामानं भिजल्या, हात थरथरायला लागले, डोळे फिरले. यांनी तोंड उघडलं आणि मी साखरेचं पाणी चमच्यानं घातलं. तेही रात्रीच. पण तेव्हा त्या शुद्धीत नव्हत्या आणि माझ्या मनात प्रश्नच आला नाही. जीव वाचवायचा होता. खिचडीचं तसं नाही.

आता बाईंची रेतघडी. शिसवी चौकटीतली, मधे काचेचे दोन फुगे, 48 मिनिटांची. एक सामायिक म्हणजे घडी एकदा रिकामी होणं. साठ-पासष्ट वर्षं त्या हिच्यासमोर बसल्यात. आता बसतात तेव्हा रेती अर्धी उतरली की घडी उलटी करतात. पुन्हा अर्धी उतरली की पुन्हा उलटी. सामायिक संपतच नाही. एकदा मी स्वयंपाकघरात होते आणि त्या अडीच तास बसून राहिल्या. पाय सुजले. सामायिकात बसलेल्या माणसाला ओढून उठवायचं कसं? पर्युषणाच्या पहिल्याच दिवशी नातवानं हे पाहिलं आणि माझ्या कानात कुजबुजला, “नानी, टी पार्टी! मोठ्या नानींकडे नेहमीच सहा वाजलेत!”

मला राग आला. पणजीला वेड्यांच्या टेबलावर बसवतोस का म्हणून मी त्याला दटावलं. पण रात्री पडल्यावर वाटलं, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी जे अर्धा तास समजावलं ते यानं एका वाक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन त्यांच्याशेजारी मुंहपत्ती बांधून बसला. बाईंचा हात घडीकडे गेला की तो आपला हात त्यांच्या हातावर ठेवायचा, काहीच न बोलता. रेती पूर्ण उतरली की मोठ्यानं म्हणायचा, “आली!” बाई सामायिक पाळून उठायच्या. दोन दिवस हे जमलं. चौथ्या दिवशी तो खेळायला गेला होता.

तो चौथा दिवस. बाईंनी सकाळी उठल्यावरच सांगितलं, आज माझा उपवास. उपवास डॉक्टरांनी कधीच बंद केलेला. मी समजावलं, यांनी समजावलं. दूध नाही, मुगाचं पाणी नाही, काहीच नाही. जुलैचा धडा होता म्हणून आम्ही साखरेची गोळी दिली नाही, पण दुपारपर्यंत त्यांच्या जिभेला कोरड पडली, शब्द अडखळायला लागले. संध्याकाळी सहाला त्या झोपल्या. सातला जाग्या झाल्या आणि हसून म्हणाल्या, “बींदणी, पारणं कधी गं? नवकारशी आली का?”

त्यांच्या लेखी सकाळ झाली होती. काय करायचं होतं मी? “नाही बाई, रात्र आहे,” म्हटलं असतं तर उद्या सकाळपर्यंत त्या थेंबही घेणार नव्हत्या, आणि उद्या सकाळी त्यांना काय वाटेल हे कुणी सांगावं. मी सगळ्या खोल्यांचे दिवे लावले. खिडक्यांचे पडदे ओढले. स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवून पावणेआठ केले, सकाळचे. आणि म्हटलं, “आली नवकारशी, बाई.”

खिचडी तयार होती, आमच्यासाठी केलेली, उरलेली. मऊ करून, तूप घालून भरवायला बसले. पाच-सहा घास गेले. तेवढ्यात चौकातून भोंग्यावर गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली. विदर्भातल्या गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा, ती प्रार्थना म्हणजे संध्याकाळ. तुकडोजी महाराजांनी घालून दिलेला नेम आहे तो. बाईंचा घास तोंडापाशी थांबला. त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, “रेडिओ लागलाय शेजारी.” बाईंनी घास घेतला.

दारात नातू उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं, पडदे पाहिले, मला पाहिलं.

रात्री तो माझ्याशेजारी झोपला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “नानी, मोठ्या नानींचं पाप कुणाला लागणार?” मुलं असंच विचारतात. मी म्हटलं, मला लागणार. तो म्हणाला, “मग बरंय. तू तर रोज इतकी सामायिक करतेस.” म्हणजे खात्यात शिल्लक भरपूर आहे, थोडं काढलं तर चालेल! माझाच नातू. पण मला झोप आली नाही.

मी हिशोब मांडून पाहिला. काटे फिरवले ते पाप नव्हे. काटे सरकारनंही फिरवले होते. चौविहार घड्याळावर नसतोच, तो सूर्यावर असतो. मी खरं खोटं केलं ते पडदे ओढून, आणि ‘आली नवकारशी’ म्हणून, आणि रेडिओ म्हणून. तीन नोंदी. समोरच्या बाजूला काय लिहायचं? बाईंचा जीव? पण त्या रात्री त्यांचा जीव जात होता का? जुलैसारखा नव्हता जात. मी घाबरले होते, आणि खरं सांगते सख्यांनो, मी दमले होते. सकाळपासून समजावून समजावून मला ते प्रकरण एकदाचं मिटवायचं होतं. ही नोंद मी सगळ्यात शेवटी केली, आणि ती सगळ्यात खरी आहे.

आमच्या गावात चातुर्मास नसतो. पर्युषणात स्वाध्यायी बहिणी येतात, त्या व्याख्यान वाचतात, प्रतिक्रमण करवतात. सहाव्या दिवशी त्यांनी पच्चक्खाणांचे आगार समजावले. आगार म्हणजे घेतलेल्या व्रतात आधीच ठेवलेली सूट. नवकारशीला कमी, पोरसीला जास्त. पोरसी मी शेकडो वेळा घेतली असेल, पाठ म्हटली असेल, पण अर्थाकडे असं लक्ष कधी गेलं नव्हतं. त्यात एक आगार आहे पच्छन्नकाल. ढगानं, धुळीनं किंवा डोंगराआड गेल्यानं सूर्य झाकला गेला, वेळ कळली नाही आणि माणसानं वेळ झाली समजून खाल्लं, तर पच्चक्खाण मोडत नाही. त्याच्या पुढचा आगार दिशामोह. दिशेचा भ्रम होऊन पश्चिमेला पूर्व समजला, तरी मोडत नाही. मात्र खाता खाता खरी वेळ कळली, तर घास तिथेच थांबवायचा.

मी बसल्या जागी थिजले. काळ बिघडणार हे आपल्या आचार्यांनी धरूनच ठेवलं होतं! सूर्य झाकला जातो, दिशा फिरतात, माणूस आहे. फक्त तो सूर्य डोक्याच्या आतच झाकला गेला तर, एवढंच तिथे लिहिलेलं नाही. आणि पडदा ओढणाऱ्या सुनेबद्दलही काही नाही. सूट चुकणाऱ्याला आहे, चुकवणाऱ्याला नाही. आणि बाईंचा घास प्रार्थना ऐकून थांबलाच होता. तो पुन्हा पुढे गेला तो माझ्या शब्दामुळे.

व्याख्यानानंतर मी त्या बहिणींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी उगाच शहाणपण केलं नाही. म्हणाल्या, “मी प्रायश्चित्त देऊ शकत नाही, साध्वीजींकडे आलोयणा घ्या.” पुढे दिवाळीआधी मी चंद्रपूरला जाऊन ती घेतली. साध्वीजींनी मला खोट्यासाठी दोन आयंबिल दिली. बाईंसाठी काही दिलं नाही. मी विचारलं, पुन्हा अशी वेळ आली तर? त्या म्हणाल्या, रात्री त्यांना पाणी आणि औषधाची मोकळीक ठेवा आणि दिवसाची जेवणं लहान-लहान चार करा. म्हणजे मी सिद्धांत विचारला आणि त्यांनी वेळापत्रक दिलं. ते चाललंय, बऱ्यापैकी. चारातलं एखादं जेवण चुकलं तरी बाकीची तीन हाताशी असतात. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर डॉक्टरांना साखरेच्या गोळीच्या वेळा बदलून मागा. मला हे दोन वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.

नातवानं स्वतःचा वेगळा उपाय काढला. सातव्या दिवशी सकाळी बुटांच्या खोक्याचं झाकण कापून त्यानं एक घड्याळ केलं. काटे पुठ्ठ्याचे, मधे टाचणी. वर मराठीत लिहिलं, ‘मोठ्या नानींचं घड्याळ’. ते त्यानं खऱ्या घड्याळाच्या खाली टांगलं आणि नियम सांगितला. वरचं घड्याळ कुणी हलवायचं नाही. खालचं फक्त मोठ्या नानींनी हलवायचं. “मग तुला खोटं बोलावं लागणार नाही, नानी. त्यांनी विचारलं तर दोन्ही सांग.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “टोपीवाला आणि ॲलिस.” मग कळलं, हेही चोरून टिपा वाचत होते.

चमत्कार वगैरे झाला नाही. बाई कधी त्या पुठ्ठ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण कधी चारच्या सुमाराला त्या उठून काटा फिरवतात, आणि मग मी विचारते, “बाई, तुमच्या घड्याळात बंड्या यायची वेळ झाली का?” त्या सांगतात, कुठल्या गावच्या येणार, कापूस कसा आहे, कुठल्या गाडीवानाचा बैल लंगडतो. त्या बोलत असतात तेव्हा मी वरच्या घड्याळाप्रमाणे उपम्याची वाटी हातात देते. दहातून सहा वेळा त्या खातात.

त्याच रात्री नातवाला मी आपलं कालचक्र सांगितलं. आधी कधी धीर झाला नव्हता, मुलं घाबरतात. सहा आरे चढते, सहा उतरते. आपण उतरत्या चक्राच्या पाचव्या आऱ्यात, तो 21 हजार वर्षांचा, महावीर स्वामींच्या निर्वाणानंतर तीन वर्षं साडेआठ महिन्यांनी सुरू झालेला. मग सहावा, तोही 21 हजारांचा. त्यात माणसं हातभर उंचीची, दिवसाच्या आगीला भिऊन बिळांत राहणारी. “सशासारखी?” त्यानं विचारलं. हो, सशासारखी. “आणि मग?” मग चक्र उलटं फिरतं, पाऊस पडतो, गवत उगवतं, माणसं बिळांतून बाहेर येतात, उंची वाढते, आयुष्य वाढतं. तो विचार करून म्हणाला, “म्हणजे रेतघडी उलटी करतात तसं.” मी म्हटलं, हो. “कोण करतं?” मी म्हटलं, कुणीच नाही, तो काळाचा स्वभावच आहे. हे त्याला पटलं नाही. कुणीतरी करत असणार, असं म्हणत तो झोपला.

संवत्सरीला माझा उपवास होता. प्रतिक्रमण करून घरी आले तेव्हा बाई पलंगावर जाग्या होत्या, जपमाळ हातात, मणी पुढे न सरकता. सगळ्यांशी खमतखामणा झाला होता, त्या राहिल्या होत्या. मी खाली बसून त्यांचे पाय धरले. नेहमीचे शब्द म्हटले असते तर चाललं असतं, त्यांना कळण्याची खात्री नव्हतीच. पण मी सगळं सांगितलं. दिवे लावले ते, पडदे, घड्याळ, रेडिओ, खिचडी. “बाई, रात्र होती. मी तुम्हाला फसवलं. मिच्छामि दुक्कडम्.”

बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मला वाटलं त्या पुन्हा बंड्यांचं काहीतरी विचारतील.

“लूण कमी होतं गं त्यात,” बाई म्हणाल्या.